लोकनायक आणि अबोल मूत्रपिंडे

मार्च १९७९. लोकसभेचे कामकाज सुरू असताना पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी उठून जयप्रकाश नारायण यांच्या निधनाची वार्ता सभागृहाला दिली. श्रद्धांजलीची भाषणे झाली, कामकाज तहकूब झाले, आकाशवाणीवरून बातमी देशभर गेली. मुंबईत जसलोक रुग्णालयाबाहेर लोकांची रीघ लागली. काही वेळातच खुलासा झाला, की जेपी हयात आहेत आणि त्यांच्यावर आतमध्ये उपचार सुरू आहेत. एखाद्या नेत्याला त्याच्या हयातीतच देशाच्या संसदेने श्रद्धांजली वाहावी, असा हा विलक्षण प्रसंग होता.

ही चूक घडली, त्यामागे एक वैद्यकीय वास्तवही होते. त्या वेळी जेपींची मूत्रपिंडे निकामी होऊन सव्वातीन वर्षे झाली होती. शरीरातील दूषित द्रव्ये यंत्राच्या साहाय्याने काढून टाकली जात होती आणि त्या यंत्राच्या आधारावरच ते जगत होते. आपल्या देशात डायलिसिस हा शब्द घरोघरी पोहोचला, त्याला जेपींचे आजारपण मोठ्या प्रमाणावर कारणीभूत ठरले. मधुमेह जडलेल्या माणसाने मूत्रपिंडांची चाचणी का आणि कशी करून घ्यावी, हे समजून घेण्यासाठीही त्यांच्या अखेरच्या पाच वर्षांइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

सिताबदियारा ते नाशिकचा तुरुंग

जयप्रकाशांचा जन्म ११ ऑक्टोबर १९०२ रोजी गंगा आणि शरयू या नद्यांच्या दोआबातील सिताबदियारा या गावी झाला. १९२०मध्ये प्रभावतीदेवींशी त्यांचा विवाह झाला. असहकाराच्या चळवळीत त्यांनी कॉलेज सोडले आणि १९२२मध्ये ते अमेरिकेला गेले. घरची परिस्थिती बेताची असल्याने शिक्षणाचा खर्च त्यांनी अंगमेहनतीने भागवला. कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत द्राक्षे तोडणे, ती वाळत घालणे, फळांच्या पेट्या भरणे, उपाहारगृहांत भांडी घासणे अशी कामे करत त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास केला. सात वर्षांनी ते परतले, तेव्हा ते मार्क्सवादी झालेले होते आणि प्रभावतीदेवी गांधीजींच्या आश्रमवासी.

१९३२च्या सविनय कायदेभंगात त्यांना मद्रासमध्ये अटक झाली आणि त्यांची रवानगी नाशिकच्या तुरुंगात झाली. महाराष्ट्राशी त्यांचे नाते येथे जुळले. अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता अशा तरुणांबरोबर तुरुंगाच्या भिंतींआड रंगलेल्या चर्चांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकाराला आली. १९३४मध्ये पक्ष स्थापन झाला आणि त्याचे पहिले अधिवेशन त्याच वर्षी मुंबईत भरले. महाराष्ट्रातील समाजवाद्यांची एक अख्खी पिढी जेपींच्या भोवती उभी राहिली. त्यातील एक ठळक नाव म्हणजे एस. एम. जोशी. शिवनेरीच्या पायथ्याशी, जुन्नर येथे १२ नोव्हेंबर १९०४ रोजी जन्मलेले एसेम पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे अग्रणी झाले आणि जेपींचे अखेरपर्यंतचे सहकारी राहिले. बारा नोव्हेंबर ही तारीख जेपींच्याही आयुष्यात एका वेगळ्या कारणाने येणार होती.

'बेचाळीस'च्या आंदोलनात जेपी हजारीबागच्या तुरुंगात होते. ९ नोव्हेंबर १९४२च्या दिवाळीच्या रात्री धोतरांना गाठी मारून केलेल्या दोरावरून भिंत ओलांडून ते सहकाऱ्यांसह निसटले. पुढच्या वर्षी ते पुन्हा पकडले गेले. लाहोरच्या किल्ल्यात त्यांचा छळ झाला. एप्रिल १९४६मध्ये सुटका झाली तेव्हा ते देशाच्या तरुणाईचे दैवत बनले होते. तरीही स्वातंत्र्यानंतर सत्तेच्या वाटेला ते गेले नाहीत. १९५४मध्ये बोधगया येथे त्यांनी विनोबांच्या भूदान कार्याला जीवनदान केले. १९६५मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७२मध्ये चंबळच्या खोऱ्यातील डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे खाली ठेवली. १५ एप्रिल १९७३ रोजी प्रभावतीदेवींचे कर्करोगाने निधन झाले आणि सत्तरी ओलांडलेले जेपी एकाकी झाले.

प्रकृतीचा जमाखर्च

या सगळ्या धकाधकीत प्रकृतीची हेळसांड झाली नसती तरच नवल. मधुमेह त्यांना जडला होता, हृदयही कुरकुरत होते. मार्च १९७४मध्ये बिहारमधील विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले आणि विद्यार्थ्यांनी नेतृत्वासाठी जेपींना साकडे घातले, त्याच सुमारास त्यांना प्रोस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेसाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जावे लागले. तेथून परतताच ५ जून १९७४ रोजी पाटण्याच्या गांधी मैदानावर त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली. ४ नोव्हेंबरला पाटण्यात त्यांच्यावर लाठी उगारली गेली. एकाहत्तर-बाहत्तर वर्षांचा, मधुमेह आणि हृदयविकार असलेला, नुकतीच शस्त्रक्रिया झालेला हा माणूस गावोगाव हिंडत होता.

त्या काळी मधुमेहाची देखरेख म्हणजे काय होते, हे आज ध्यानात येणे कठीण आहे. बोटाच्या टोकावर सुई टोचून साखर सांगणारी यंत्रे घरोघरी नव्हती. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी दैनंदिन वापरात आलेली नव्हती. मधुमेहाच्या घरी काचेची नळी, स्पिरिटचा दिवा आणि बेनेडिक्ट द्रावणाची निळी बाटली असे. लघवीचे थेंब टाकून द्रावण उकळले, की निळ्याचा हिरवा, पिवळा किंवा विटकरी रंग होई आणि त्यावरून साखरेचा अंदाज बांधला जाई. त्याच नळीत नुसती लघवी तापवून आम्लाचे थेंब टाकले आणि पांढुरका साका दिसला, की प्रथिने वाहून जात असल्याचे कळे. मात्र साका दिसण्याइतकी प्रथिने बाहेर पडू लागेपर्यंत मूत्रपिंडाची हानी बरीच पुढे गेलेली असे.

चंडीगडचे दिवस

२५ जून १९७५ची दिल्लीतील रामलीला मैदानावरील सभा आटोपून जेपी गांधी शांती प्रतिष्ठानात मुक्कामाला गेले आणि पहाट होण्यापूर्वी पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. देशात आणीबाणी लागू झाली होती. हरियाणातील सोहना आणि दिल्लीतील रुग्णालय असा प्रवास करून जुलैच्या प्रारंभी त्यांना चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या रुग्णालयात स्थानबद्ध करण्यात आले. सोबत कोणी नाही, भेटीगाठींवर निर्बंध, असे एकांतवासाचे ते दिवस. या काळात त्यांनी लिहिलेली रोजनिशी पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. सप्टेंबरच्या अखेरीपासून पोटदुखी आणि अशक्तपणा वाढत गेला. नोव्हेंबरमध्ये प्रकृती चिंताजनक झाली.

१२ नोव्हेंबर १९७५ रोजी, म्हणजे जुन्नरच्या एसेमनी एकाहत्तरी पूर्ण केली त्याच दिवशी, जेपींच्या पॅरोलवरील सुटकेचा आदेश निघाला. दिल्लीतील काही दिवसांनंतर २२ नोव्हेंबरला त्यांना मुंबईत जसलोक रुग्णालयात आणण्यात आले. तेथे मूत्रपिंडविकारतज्ज्ञ डॉ. एम. के. मणी यांच्याकडे त्यांचे उपचार सोपवले गेले. मूत्रपिंडे कायमची निकामी झाल्याचे निष्पन्न झाले. त्र्याहत्तर वर्षांचे वय, मधुमेह आणि हृदयविकार पाहता मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाचा मार्ग जवळपास बंदच होता. उरला तो नियमित डायलिसिसचा.

हे कसे घडले, यावर देशात वर्षानुवर्षे वाद झाला. स्थानबद्धतेत हयगय झाली, असा आरोप समर्थकांनी केला. काहींनी त्याहून गंभीर संशय व्यक्त केले. जनता पक्षाच्या राजवटीत या उपचारांची चौकशीही नेमली गेली. दीर्घकाळचा मधुमेह, वाढलेले वय, प्रोस्टेटचा जुना विकार, दुबळे हृदय यांपैकी कशाचा वाटा किती, याचे सर्वमान्य उत्तर मात्र मिळाले नाही. असे उत्तर मिळवण्यासाठी एक गोष्ट अत्यावश्यक असते. ती म्हणजे वर्षांमागून वर्षे, ओळीने नोंदलेले चाचण्यांचे आकडे. मूत्रपिंडाचा आलेख पाच-दहा वर्षे हळूहळू उतरत आला आहे, की चार महिन्यांत एकदम कोसळला आहे, हे एका दिवसाच्या तपासणीवरून सांगता येत नाही.

मूत्रपिंड का बोलत नाही?

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील दीड-दोन लिटर वगळता बाकी सारा शरीराला परत करतात. मधुमेहात वाढलेली साखर या गाळण्यांवर सुरुवातीला जादा कामाचा भार टाकते. पुढे गाळणीचे पडदे जाड होतात, त्यांची छिद्रे सैल होतात आणि रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपू लागते. मग एकेक गाळणी बंद पडत जाते. मधुमेहींच्या मूत्रपिंडातील या बदलांचे वर्णन पॉल किमेलस्टील आणि क्लिफर्ड विल्सन यांनी १९३६मध्येच केले होते.

अडचण अशी, की मूत्रपिंडांची क्षमता गरजेपेक्षा बरीच जास्त असते. निम्म्या गाळण्या बंद पडल्या तरी माणसाला काही जाणवत नाही. दुखत नाही, खुपत नाही, लघवीही व्यवस्थित होते. पायांवर सूज, भूक मंदावणे, मळमळ, धाप, अंगाला खाज ही लक्षणे दिसू लागतात, तेव्हा हाती फारसे काही उरलेले नसते. त्यातही मधुमेहाची एक फसवी खेळी आहे. मूत्रपिंड निकामी होऊ लागले, की इन्सुलिन शरीरात अधिक काळ टिकते आणि साखर आपोआप उतरू लागते. औषधाचा डोस कमी झाला म्हणून रुग्ण आनंदतो. वास्तविक, काही कारण नसताना उतरलेली साखर ही मूत्रपिंडाची तपासणी तातडीने करण्याची सूचना असते.

जेपींच्या काळात डॉक्टरांच्या हाती रक्तातील युरिया आणि क्रिएटिनिन हे दोन आकडे होते. स्नायूंच्या झिजेतून क्रिएटिनिन सतत तयार होते आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकते. मूत्रपिंड थकले, की ते रक्तात साठते. चाचणी सोपी आणि स्वस्त आहे. परंतु आकडा जसाच्या तसा वाचला तर तो दिशाभूल करतो. उतारवयात स्नायू घटतात, त्यामुळे क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते. मूत्रपिंड बरेच खराब झालेले असूनही वृद्धाचा आकडा प्रयोगशाळेच्या सामान्य मर्यादेत राहू शकतो.

हा दोष दूर करण्यासाठी वय विचारात घेऊन गाळण्याच्या वेगाचा अंदाज बांधणारी सूत्रे तयार झाली. त्यांतील एक अतिशय प्रसिद्ध सूत्र कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६मध्ये, म्हणजे जेपी डायलिसिसवर गेल्यानंतर प्रसिद्ध केले. आज प्रयोगशाळेच्या अहवालात ईजीएफआर या नावाने येणारा आकडा याच परंपरेतील आहे. एक उदाहरण पाहावे. क्रिएटिनिन १.३ मिलिग्रॅम आहे. बहुतेक अहवालांत ही सामान्य मर्यादेची वरची कड असते. २०२१च्या सूत्राने हिशेब केला, तर तीस वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर सुमारे ७६ येतो आणि त्र्याहत्तर वर्षांच्या पुरुषाचा सुमारे ५८. त्याच वयाच्या स्त्रीचे क्रिएटिनिन १.१ असेल, तर तिचा ईजीएफआर सुमारे ५३ भरतो. साठच्या खालचा आकडा तीन महिन्यांहून अधिक काळ टिकला, तर तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकार मानला जातो. अहवालात क्रिएटिनिनपुढे लाल खूण नाही म्हणून निर्धास्त राहणारे अनेक वृद्ध मधुमेही प्रत्यक्षात या रेषेखाली असतात.

यंत्रासोबतची चार वर्षे

जसलोकमध्ये जेपींचे नवे आयुष्य सुरू झाले. आठवड्यातून दोन-तीनदा तासन् तास यंत्राला जोडून घ्यायचे, मधल्या दिवसांत पाणी मोजून प्यायचे, मीठ-फळे जपून खायची. रुग्णालय आणि यंत्र यांच्यापासून फार काळ दूर राहता येत नव्हते. आयुष्यभर देशभर भटकलेल्या माणसाला ही शिक्षा तुरुंगाहून कमी नव्हती.

डायलिसिस त्या वेळी देशातील मोजक्याच मोठ्या रुग्णालयांत होत असे आणि खर्च सामान्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. जेपींना पाटण्याला, आपल्या माणसांत परतता यावे म्हणून स्वतंत्र यंत्र घेण्याचे ठरले आणि त्यासाठी लोकांकडून लहान लहान रकमा गोळा करण्यात आल्या. आणीबाणीचा काळ असूनही लोकांनी एकेक रुपया दिला. १९७६मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पंतप्रधान साहाय्यता निधीतून ९० हजार रुपये पाठवले. जेपींनी ही रक्कम परत केली. लोकांच्या वर्गणीतून पुरेसा पैसा उभा राहिला होता आणि आपल्या श्वासांचा खर्च लोकांच्याच पैशातून व्हावा, अशी त्यांची भूमिका होती. पाटण्यात कदमकुआँ भागातील त्यांच्या निवासस्थानी यंत्र बसले.

जानेवारी १९७७मध्ये निवडणुका जाहीर झाल्या. विरोधी पक्षांना एका छत्राखाली आणण्याचे काम जेपींच्या शब्दाशिवाय होणे अशक्य होते. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत सभा, भेटी, प्रवास अशी कसरत करत त्यांनी प्रचार केला. मार्चमध्ये जनता पक्ष विजयी झाला आणि २४ मार्च १९७७ रोजी नव्या खासदारांनी राजघाटावर जेपींच्या उपस्थितीत शपथ घेतली. त्याच वर्षी ते उपचारांसाठी अमेरिकेत सिएटल येथे गेले. ज्या शहरात डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी १९६०मध्ये रक्तवाहिनीत कायम राहणारी नळी बसवून दीर्घकालीन डायलिसिस शक्य केले, तेच हे शहर. त्यापूर्वी दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागत असल्याने हा उपचार थोडेच दिवस चालवता येई.

यंत्राने जेपींना जवळपास चार वर्षे दिली. त्यांनी घडवून आणलेले सरकार त्यांच्या डोळ्यांदेखत भांडत राहिले आणि जुलै १९७९मध्ये कोसळले. तेव्हा यंत्राजवळ पडून ते ऐकण्यापलीकडे त्यांच्या हाती काही नव्हते.

वैद्याने घेतलेला बोध

जेपींवर उपचार करणारे डॉ. मणी पुढे मद्रासला गेले. आयुष्यभर डायलिसिस आणि प्रत्यारोपण करणाऱ्या या डॉक्टरांनी एक साधा हिशेब मांडला. निकामी मूत्रपिंडाचे उपचार भारतातील बहुसंख्य रुग्णांना परवडणारे नाहीत, म्हणून मूत्रपिंड निकामी होण्याआधीच गाठले पाहिजे. किडनी हेल्प ट्रस्टच्या माध्यमातून त्यांनी चेन्नईजवळच्या खेड्यांत, सुमारे २५ हजार लोकसंख्येसाठी एक प्रकल्प उभारला. गावातल्याच मुलींना शिकवून त्यांनी घरोघरी पाठवले. त्या वर्षातून एकदा प्रत्येकाचा रक्तदाब मोजत आणि लघवीतील साखर व प्रथिने तपासत. साधने म्हणाल तर जुनीच, नळीत लघवी घेऊन करायच्या चाचण्या. ज्यांच्यात दोष आढळे, त्यांची पुढची तपासणी होई आणि स्वस्तातली औषधे दिली जात. दरडोई खर्च अगदी अल्प होता आणि ज्या गावांत हे काम चालले, तेथे मूत्रपिंडविकाराचे प्रमाण शेजारच्या गावांपेक्षा कमी आढळले. देशातील अत्यंत नामांकित रुग्णाच्या उशाशी बसलेल्या डॉक्टरांनी आपला अनुभव अखेर खेड्यातील दारापर्यंत नेला.

आजच्या मधुमेहीसाठी

जेपींच्या वेळी नसलेली साधने आज तालुक्याच्या गावातील पॅथॉलॉजी लॅबमध्येही उपलब्ध होऊ शकतात. मधुमेहीला वर्षातून किमान एकदा दोन चाचण्या लागतात. एक, रक्तातील क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर. दुसरी, लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर, म्हणजेच एसीआर. पहिली चाचणी गाळण्याचा वेग सांगते, दुसरी गाळणीला पडलेली भोके दाखवते. एक सामान्य असताना दुसरी बिघडलेली असू शकते. म्हणून एकच करून भागत नाही. आणि बहुधा राहून जाते ती लघवीची.

टाइप दोन मधुमेह कधी सुरू झाला हे नेमके कळत नसल्याने निदान झाले त्याच वर्षापासून या चाचण्या कराव्यात. टाइप एकमध्ये त्या पाच वर्षांनंतर सुरू करतात. एसीआर एका ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावा. ३० ते ३०० हा सावधगिरीचा पट्टा असून, नेहमीच्या लघवी तपासणीत तो निसटून जाऊ शकतो. ३००च्या पुढे हानी बरीच झालेली असते. ताप, लघवीतील जंतुसंसर्ग, मासिक पाळी, आदल्या दिवशीचे कष्टाचे काम किंवा अतिशय वाढलेली साखर यांमुळेही हा आकडा तात्पुरता चढतो. त्यामुळे सकाळची पहिली लघवी द्यावी आणि तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने सदोष आले, तरच निष्कर्ष काढावा. सगळे अहवाल तारखेनुसार एका फाइलमध्ये लावून ठेवावेत. एका अहवालाचे मोल थोडे, पाच वर्षांच्या ओळीचे मोठे.

वेळीच कळले तर करण्यासारखे पुष्कळ आहे. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे हा पाया. रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांच्या वर्गातील औषधे लघवीतून जाणारे अल्ब्युमिन कमी करतात. २०१९पासून प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनी डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातील गोळ्या मूत्रपिंडाची घसरण मंदावतात हे दाखवून दिले आहे. कोणते औषध कोणाला, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. अंगदुखीवर दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र अशा रुग्णांनी टाळायलाच हव्यात.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील परिस्थिती पाहिली, की या दोन चाचण्यांचे महत्त्व अधिकच पटते. नारायणगावच्या टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या मळ्यांत, ओतूर-आळेफाट्याच्या कांद्याच्या शेतांत उन्हात राबणारी माणसे संध्याकाळी अंग मोडून आले, की गोळी घेतात. भीमाशंकरच्या डोंगरकुशीतील वाड्या-वस्त्यांवरून मोठ्या गावापर्यंत येणे हाच एक दिवसाचा उद्योग असतो. डायलिसिस आठवड्यातून तीनदा, प्रत्येक खेपेस सुमारे चार तास, म्हणजे वर्षाला दीडशेहून अधिक खेपा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि २०१६पासूनचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम यांनी यंत्राचा खर्च हलका केला आहे. पण बुडालेली मजुरी, एसटीची वाट आणि सोबत येणाऱ्या माणसाचा गेलेला दिवस यांची भरपाई कोणतीच योजना करत नाही. वर्षातून एकदा रक्त आणि लघवी देण्यासाठीची खेप त्या मानाने फारच स्वस्त.

अखेर

मार्च १९७९मधील त्या खोट्या बातमीनंतर जेपी सावरले आणि पाटण्याला परतले. कदमकुआँच्या घरी ८ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. सत्त्याहत्तरावा वाढदिवस तीन दिवसांवर आला होता. या वेळी बातमी खरी होती. गंगेच्या काठावर त्यांना निरोप देण्यासाठी अलोट गर्दी लोटली. १९९९मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न प्रदान करण्यात आले. जुन्नरचे एस. एम. जोशी त्यांच्यामागे आणखी दहा वर्षे जगले.

जेपींची मूत्रपिंडे कोणामुळे गेली, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांपुढे आजही कायम आहे. ती केव्हापासून जाऊ लागली होती, या प्रश्नाचे उत्तर मात्र वर्षानुवर्षे ठेवलेल्या साध्या कागदांवरून मिळू शकले असते. आजच्या मधुमेहीला तो कागद मिळवण्यासाठी एका सकाळी उपाशीही राहावे लागत नाही. हाताची शीर आणि लघवीची छोटी बाटली एवढेच पुरते.